वाक्याचं शेपूट

मास्तरांनी उभ्या जन्मात कापड टेपेनं कमी आणि डोळ्यांनी जास्त मोजलं. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की हे आतूनच सांगायचे, "डावा खांदा जरा उतरता आहे तुमचा." गिऱ्हाईक घरी जाऊन आरशासमोर वाकडंतिकडं व्हायचं आणि पुढच्या खेपेला कबूल करायचं. अशा माणसाला कुणी सांगितलं, की आवाजाचंसुद्धा चित्र असतं आणि ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं, तर तो काय म्हणणार? "दिसतं ना? मग झालं तर!"

इथंच सगळा घोटाळा झाला.

मास्तरांच्या बायकोला अख्खी गल्ली पोस्टबाई म्हणायची, कारण नोकरीचा सगळा काळ तिनं पोस्टाच्या खिडकीमागं काढला होता. निवृत्त झाल्यावर तिनं एकच गोष्ट मनावर घेतली. गावात अंधांसाठी एक बोलकं वाचनालय होतं. तिथली पुस्तकं आवाजातली. कुणीतरी वाचून रेकॉर्ड करायची, आणि ज्यांना दिसत नाही त्यांनी घरी बसून ऐकायची. पोस्टबाईच्या थोरल्या बहिणीची नजर उतारवयात गेली होती. ती दिवसभर ही पुस्तकं ऐकायची आणि संध्याकाळी धाकटीला फोन करून वाचणाऱ्यांना नावं ठेवायची. "कालचा तो वाचणारा गं! जणू वखारीत लाकडं मोजून देतोय." लहानपणी हीच ताई धाकटीला शेजारी बसवून गोष्टी वाचून दाखवायची. एके दिवशी नावं ठेवून झाल्यावर ती सहज म्हणाली, "तू का नाही वाचत गं?" पोस्टबाईनं मनाशी खूणगाठ बांधली. ताईला आपल्या आवाजात एक तरी पुस्तक ऐकवायचंच.

पण वाचनालय काही कुणालाही वाचू देत नसे. आधी एक प्रकरण नमुन्यादाखल पाठवायचं. तीनदा संधी. तिन्ही वेळा नापास झालं तर पुस्तक दुसऱ्याकडे.

पोस्टबाईचा नमुना दोनदा परत आला होता. पहिल्या वेळी निरोप असा : सुरुवात खणखणीत, पण वाक्याचं शेपूट ऐकू येत नाही. दुसऱ्या वेळी तिनं मोठ्यानं वाचलं. इतकं मोठ्यानं, की समोरच्या घरातली बाई खिडकीतून डोकावून विचारून गेली, "काय हो, मिटलं का भांडण?" निरोप पुन्हा तोच. सुरुवात आणखी खणखणीत, शेपूट जिथल्या तिथं गायब.

"आता राहू द्या," पोस्टबाई म्हणाली. "माझ्या गळ्यातच काहीतरी आहे."

"गळा बेतायचं काम माझं," मास्तर म्हणाले. "तू नुसती वाच. उरलेलं माझ्यावर सोड."

मास्तरांची सून रेडिओच्या जाहिराती तयार करायची. ती दुसऱ्या गावी राहायची, पण मागच्या भेटीत सासूसाठी एक मायक्रोफोन ठेवून गेली होती आणि सासऱ्यांना आवाज कापायचं, जोडायचं, लहानमोठा करायचं सॉफ्टवेअर शिकवून गेली होती. घरामागच्या शिवणाच्या खोलीत अजून कापडाचे तागे उभे होते. सून म्हणाली होती, रेकॉर्डिंगला ह्याच्याइतकी चांगली खोली पैसे देऊन मिळायची नाही, कापड सगळा घुमारा पिऊन टाकतं. ते ऐकून मास्तरांची छाती इतकी फुगली, की बटणं तुटायची बाकी राहिली.

तिसरं रेकॉर्डिंग त्या खोलीत झालं. पोस्टबाई ताग्यांकडे तोंड करून बसली, मास्तर तिच्या पाठीमागं कॉम्प्युटरसमोर. "मध्ये थांबायचं असेल तर खुशाल थांब," त्यांनी बजावलं. "मधलं मी कापून टाकतो."

वाचन झाल्यावर मास्तरांनी चित्र निरखलं. प्रत्येक वाक्य म्हणजे अगदी बेडकाचं पिल्लू. पुढं गलेलठ्ठ डोकं आणि मागं बारीक होत गेलेलं शेपूट. अशी पिल्लं ओळीनं पोहत चालली होती. आणि त्यांच्या मधोमध कुठंतरी एक खांब उभा होता, पार छतापासून जमिनीपर्यंत.

मास्तरांनी सगळं निवडलं आणि आवाज वाढवायचं बटण दाबलं. नॉर्मलाइज. चित्र जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं. शेवटी सुनेला फोन लावला.

"बाबा, ह्या बटणाला फक्त सगळ्यात उंच टोक कळतं," सून म्हणाली. "ते टोक छताला लागेपर्यंत ते सगळ्यांना एकसारखं वर उचलतं. तुमचं एखादं टोक आधीच छताला लागलेलं असेल. तिथं काय आहे ते ऐका बरं."

मास्तरांनी खांब ऐकला. "शिंक आहे."

"कुणाची?"

"इथं कोण कोण असतं?" मास्तर जरा गुरगुरले. "माझीच."

"मग तुमच्या एका शिंकेपायी आईंचं अख्खं प्रकरण दबून राहिलंय."

मागं उभी असलेली पोस्टबाई काहीतरी पुटपुटली. फोनवर सून खो-खो हसायला लागली.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही बाबा. शिंक कापा तुम्ही."

शिंक कापली. आता बटण दाबल्याबरोबर सगळी पिल्लं टम्म फुगली. पण पिल्लं ती पिल्लंच. डोकं मोठं झालं तसं शेपूटही वाढलं, पण डोक्याच्या मानानं बारीकच. मग सुनेनं दुसरी गोष्ट सांगितली. कॉम्प्रेसर. जे उंच असेल ते दाबतो, मग सगळंच वर उचलता येतं, आणि दबलेलं आपोआप बाहेर येतं.

"म्हणजे इस्त्री," मास्तर म्हणाले.

"इस्त्रीच म्हणा. पण हलक्या हातानं हं बाबा. त्याला माणूस कळत नाही. जे जे दबकं दिसेल ते सगळं वर येईल. आणि पाठवायच्या आधी हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका."

पण अर्धवट इस्त्री केलेला कपडा गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा, हे मास्तरांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी इस्त्री पार शेवटपर्यंत फिरवली. आणि काय सांगावं! पिल्लं नाहीशी झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, सपाट, रुंद पट्टा. कुठं चुणी नाही, झोल नाही. मास्तर मान तिरकी करून बघत राहिले. असं काम त्यांच्या हातून कापडावरसुद्धा क्वचित झालं होतं.

"ऐकलंत ना सगळं?" पोस्टबाईनं विचारलं.

"ऐकलं," मास्तर म्हणाले, आणि पाठवून मोकळे झाले. खरं तर त्यांनी पहिली चार वाक्यं ऐकली होती. उरलेलं बघितलं होतं.

फोन आला तेव्हा पोस्टबाई भाजी आणायला गेली होती. पलीकडे वाचनालयाच्या तपासनीस होत्या. त्यांना स्वतःला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि आलेला प्रत्येक नमुना त्या जातीनं ऐकत. मास्तरांनी फोन उजव्या कानाला लावला. डावा कान ते फोनसाठी वापरत नसत. का वापरत नसत, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"नमुना ऐकला," तपासनीस म्हणाल्या. "शेपटं ऐकू येतात आता."

"सलग आहे ना? मी स्वतः केलंय," मास्तर म्हणाले.

"हो का? मग तुम्हालाच विचारते. ह्या पुस्तकात एक पात्र जास्तीचं आहे. मी छापील प्रत दुसऱ्याकडून वाचून घेतली, त्यात ते सापडत नाही."

"कोणतं पात्र?"

"'हे' म्हणून कुणी आहेत. पहिल्या पानापासून आहेत. सारखे खुर्ची करकरवतात. त्यांच्या पाठीला मुंग्या असाव्यात, असं वाचणाऱ्या बाईंचं मत आहे."

मास्तरांच्या कानाची पाळी गरम झाली.

"आणि पंखा," तपासनीस पुढं म्हणाल्या, "पंखा तर असा वर आलाय, की नायिकेच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरतंय की काय असं वाटतं. शिवाय माझे कान मांजराचे आहेत, असाही एक उल्लेख आहे. ती मी स्तुती समजते."

"अहो, ते… मधलं मी कापणार होतो…"

"मास्तर, कापू नका आता आणि उचलूही नका. हसू बाजूला ठेवून एक सांगते. आधीच्या दोन नमुन्यांत काय होत होतं माहीत आहे? घोड्यांचा व्यापारी त्या मुलीला मागणी घालतो. ती म्हणते, 'मी तुमच्याबरोबर येणार नाही.' तुमच्या बाईंच्या वाचनात ती म्हणते, 'मी तुमच्याबरोबर येणार.' 'नाही' पोटात गेलं. मी आपली मुलगी गेली म्हणून डोळे पुसले, तर पुढच्या पानावर ती घरीच भांडी घासतेय! आपल्या भाषेत सगळा कारभार वाक्याच्या शेवटी असतो. शेपूट गेलं की होकाराचा नकार आणि नकाराचा होकार. हे बटणानं होत नाही. त्यांनी शेवटपर्यंत वाचायला हवं."

"पण हा तिसरा नमुना होता," मास्तर हळूच म्हणाले.

"हा मी अजून समितीपुढं ठेवलेला नाही. सोमवारी बैठक आहे. त्याआधी नवा आला तर तोच तिसरा. नाही आला तर हाच." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "वाचतात मात्र छान हो. मुंग्यांचंसुद्धा छान वाचलंय."

मास्तरांनी हेडफोन लावला. आवाज बराच वाढवला, जसा ते नेहमी वाढवत, आणि पहिल्यापासून ऐकायला बसले.

पहिल्या परिच्छेदानंतर पोस्टबाईचा आवाज, अगदी कानाशी : "झालं, पुन्हा खुर्ची. ह्यांच्या पाठीला मुंग्या आहेत का?" मग पुस्तक. मग : "चष्मा पुसायला हवा. पण फडकं मागू कुणाकडे? मागं चष्मा मागितला तर चहा आणून दिला." मग पुन्हा पुस्तक. मास्तरांना आधी हसू आलं. चहाचं खरं होतं. तो चहा तिनं मुकाट्यानं घेतला होता, आणि त्यांना वाटलं होतं, काय हिच्या मनातलं ओळखतो आपण!

मग एका पानाच्या शेवटी ती म्हणाली, "अहो, पंखा बंद करा." मागून मास्तरांचाच आवाज, मोठा आणि आनंदी : "छान! चालू दे!" थोडी शांतता. "अहो, पंखा." पुन्हा मास्तर : "हं, हं. मस्त." आणि मग पोस्टबाई, स्वतःशीच : "जाऊ दे. अर्धं ऐकतात आणि उरलेल्याला मान डोलावतात. मीपण आताशा अर्ध्यापर्यंतच बोलते."

मास्तरांनी रेकॉर्डिंग थांबवलं. हे सगळं ती बोलली तेव्हा ते तिथंच होते. हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता, इतके जवळ. आणि त्यांना एक अक्षर ऐकू आलेलं नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. मागं ती म्हणाली होती, ते जुनं कपाट विकायचं नाही. मास्तरांनी त्याच दुपारी माणूस बोलावून ते विकून टाकलं. नंतर ती कितीतरी दिवस बोलत नव्हती, आणि मास्तर सगळ्यांना सांगत होते, हिचा घसा बसलाय. पुतणीच्या साखरपुड्याला ती म्हणाली होती, मी येणार नाही. मास्तर कपडे करून दारात उभे, आणि वर तिलाच म्हणाले, "कबूल करून ऐनवेळी असं करतेस!"

ती सुरुवात मोठ्यानं का करते, हे आता त्यांना कळलं. आधी ह्यांना हाक मारून जागं करायला लागतं. आणि शेवट का सोडून देते, तेही कळलं. तोवर हे उठून गेलेले असतात. तोच तिचा वाचायचा ढंग झाला होता. गळ्यात काही नव्हतं. माप चुकलं होतं ते ऐकणाऱ्याचं.

दार वाजलं. पोस्टबाई पिशवी घेऊन आत आली.

"वाचनालयातून फोन होता," मास्तर म्हणाले.

तिनं पिशवी खाली ठेवली नाही. "काय म्हणाल्या?"

"मी सगळं ऐकलं नव्हतं पाठवायच्या आधी."

"मला माहीत होतं. काय म्हणाल्या?"

"मधलं कापायचं राहिलं. तू बोललेलं. आणि इस्त्रीनं ते सगळं वर आलं."

पोस्टबाईच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येताना दिसली. "खुर्चीचं?"

"खुर्चीचं."

"मुंग्यांचं?"

"मुंग्यांचंपण."

"आणि… ते कानांचं?"

"मांजराचे. त्यांना आवडलं ते."

पोस्टबाई पिशवीसकट स्टुलावर बसली. "अगं आई गं," ती म्हणाली. मग हसली, मग हसू थांबलं आणि तिचा चेहरा उतरला. "ताईला काय सांगू मी? सगळं वाचनालय हसलं असेल. बास झालं. मी आता वाचणार नाही."

हा 'नाही' मात्र मास्तरांना स्वच्छ ऐकू आला.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले. "पुन्हा वाचलंस तर तोच तिसरा धरतील."

"आणि पुन्हा शेपूट गिळलं तर?"

"तर मी सांगेन तुला."

"तुम्ही?" पोस्टबाईनं पिशवी खाली ठेवली, म्हणजे आता तिला दोन्ही हात लागणार होते. "शेपूट ऐकू आलं की नाही, हे तुम्ही सांगणार? अहो, गॅसवर दूध उतू जातंय म्हणून ओरडले तर तुम्ही दाराला कोण आलंय ते बघायला जाता!"

"म्हणूनच तर. मला ऐकू आलं म्हणजे सगळ्या गावाला ऐकू येईल."

"म्हणजे बहिऱ्यानं परीक्षा घ्यायची!"

हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला.

"बहिरा नाही," मास्तर म्हणाले. "डाव्या बाजूनं जरा…"

पोस्टबाईनं कानामागं तळहात धरला, मान पुढं काढली, आणि हुबेहूब त्यांच्याच सुरात विचारलं, "काय? काय म्हणालीस?"

मास्तर आधी रागावणार होते. पण नक्कल इतकी बिनचूक होती, की कारागीर माणसाला दाद द्यावीच लागली. ते हसले, तीही हसली, आणि हसता हसता म्हणाली, "पंखा मात्र मी स्वतः बंद करणार."

मास्तरांनी करकरणारी खुर्ची बाहेर काढली. ताग्यांसमोर पोस्टबाईची जागा केली आणि तिच्या अगदी पुढ्यात स्टूल ओढून बसले, उजवा कान तिच्याकडे करून. कॉम्प्युटर आधीच चालू करून ठेवला. ठरलं असं, की वाक्याचा शेवटचा शब्द पोचला की मास्तरांनी बोट वर करायचं. नाही पोचला तर बोट खाली, आणि तिनं ते वाक्य पुन्हा वाचायचं.

पहिलं वाक्य. बोट खाली. पुन्हा. बोट खाली. तिसऱ्या वेळी ती चिडून ओरडली. बोट खालीच.

"अहो, एवढ्यानं ओरडले तरी?"

"ओरडलीस ती सुरुवातीला. शेवटी पुस्तकात बघायला लागलीस. माझ्याकडे बघून संपव."

"तुमच्याकडे बघून? घोड्यांचा व्यापारी आहे तो, त्याचं वर्णन आहे. रुबाबदार म्हटलंय त्याला."

"मग डोळे मिटून बघ."

तिनं नाक मुरडलं, पण वाक्य त्यांच्याकडे बघून संपवलं. ओरडली नाही. नेहमीच्याच आवाजात बोलली, फक्त शेवटचा शब्द समोरच्या माणसाच्या हातात पोचेपर्यंत सोडला नाही. खिडकीतून मनिऑर्डरचे पैसे देताना गिऱ्हाईकाची बोटं नोटांवर मिटेपर्यंत ती आपली सोडत नसे, तसं. बोट वर झालं. पुढचं वाक्य. बोट वर. दोन वर, एक खाली, पुन्हा वर. पानामागून पान गेलं. मास्तरांच्या खांद्याला कळ लागली, तरी त्यांनी हात बदलला नाही, कारण हालचाल झाली की स्टूलही कुरकुरलं असतं.

आणि मग व्यापारी अंगणात आला. पोस्टबाईनं त्याचा आवाज काढला नाही की काही नाही, साधंच वाचलं. त्यानं मागणी घातली. मुलगी उभी राहिली, तिनं ओल्या हातांचं पाणी झटकलं आणि म्हणाली, "मी तुमच्याबरोबर येणार नाही."

बोट वर गेलंच नाही.

"आता काय?" पोस्टबाई वैतागून म्हणाली.

"मग?" मास्तर म्हणाले.

"मग काय?"

"मग तो काय म्हणाला? घोडे एवढ्या लांबून आणलेत त्यानं."

पोस्टबाई पुस्तक मिटून त्यांच्याकडे बघत राहिली. आपण पुस्तकातलं काही सांगायला लागलो, की हे वर्तमानपत्रात डोकं घालतात, हा तिचा आजवरचा अनुभव. "अहो," ती म्हणाली, "पुस्तकात नाही ते बोलू नका. पुन्हा तुमचं पात्र यायचं मध्ये."

तरीपण मास्तर प्रकरण संपेपर्यंत आणखी काही वेळा 'मग?' म्हणालेच. एकदा तर "मूर्ख आहे लेकाचा," असंही म्हणाले, व्यापाऱ्याला.

संपादन दोघांनी मिळून केलं. मास्तरांनी वायरवाले लहान इयरफोन घेतले, एक त्यांच्या उजव्या कानात, दुसरा तिच्या. ते चित्र बघत, ती ऐके. जिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं, तिथं ती टेबलावर टिचकी मारायची : इथं पान सळसळलं. इथं तुमचा 'मग'. इथं तुम्ही उसासा सोडलात. मास्तर मुकाट्यानं कापत गेले. इस्त्री फिरवली, पण नुसती वरवर, रेशमावरून फिरवावी तशी. चित्र काही सलग झालं नाही. कुठं उंच, कुठं बुटकं, कडा वेड्यावाकड्या. मास्तरांना ते बघवेना.

"अजून थोडं सारखं करू?"

"डोळे मिटा आणि ऐका," पोस्टबाई म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटले, आणि प्रकरण संपेपर्यंत उघडले नाहीत. संपल्यावर तिनं विचारलं, "झोपलात?"

"पाठव," मास्तर म्हणाले.

सोमवारी दुपारी फोन आला. तो पोस्टबाईनंच घेतला. मास्तर तिच्या उजव्या बाजूला उभे होते. ते वळसा घालून डाव्या बाजूला आले, तर ती बोलत बोलत पाठमोरी झाली. "हो," ती म्हणत होती. "हो… नाही, नाही… अय्या, राहिलाच का?… सांगते ना, नक्की सांगते त्यांना." फोन ठेवून ती सावकाश वळली, आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मास्तर बसले. काय झालं म्हणून विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते थांबले. तिचं बोलून पुरं होईपर्यंत थांबायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"नमुना घेतला त्यांनी," पोस्टबाई म्हणाली. "सगळं पुस्तक मला दिलंय. एक 'मग' राहिलाय म्हणे तुमचा, शेवटून दुसऱ्या पानावर. तेवढा काढून पाठवायचा आहे. आणि त्या म्हणाल्या, समितीतल्या एकांनी विचारलं, हे 'मग' म्हणणारे गृहस्थ कोण? फार मन लावून ऐकतात."

मास्तरांनी खाली बघितलं, उगाच शर्टाचं एक बटण नीट केलं.

"ताईला फोन कर," ते म्हणाले.

"करते. पण आधी तुमचं." पोस्टबाईनं त्यांच्या डाव्या कानाकडे बोट केलं. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ की. पण हे पुस्तक होऊ दे. त्या मुलीचं पुढं काय होतं ते तरी कळू दे."

"सबंध पुस्तक मी तुमच्या नाकासमोर बसून वाचू? माझी मान राहील का जागेवर? आधी डॉक्टर, मग दुसरं प्रकरण."

"आधी दुसरं प्रकरण."

"अहो…"

"बरं, अर्धं प्रकरण," मास्तर म्हणाले, आणि शिवणाच्या खोलीकडे निघालेसुद्धा. स्टूल जागेवर ओढल्याचा आवाज आला. पोस्टबाईनं फोन उचलून ताईचा नंबर लावला, आणि घंटा वाजत असताना आतल्या बाजूला ओरडून सांगितलं, "रेकॉर्डिंग इतक्यात चालू करू नका!"

"केलं," आतून उत्तर आलं.